शुभ चौघडियातलं लँडिंग

पुनीतचं विमान अजून जमिनीवरच होतं आणि चोपड्याच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागूनही गेला होता. 'कॅप्टन पुनीत यांचे हार्दिक अभिनंदन', आणि खाली झाडून सगळ्या नातेवाइकांचे फोटो. पुनीतने आजवर एकदाही एकट्याने विमान उडवलं नव्हतं. पण आपल्याकडे अभिनंदनासाठी आधी काही करून दाखवावं लागतं, असं कुठे आहे?

आज जळगावच्या विमान शिकवणाऱ्या शाळेत त्याची एकट्याची पहिली फेरी होती. वर जायचं, शहराच्या बाहेरून एक वळसा घ्यायचा आणि उतरायचं. उतरणं जमलं तर पायलट. नाही जमलं तर बापाचं साड्यांचं दुकान आणि जन्मभर गिऱ्हाइकापुढे स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवणं. पुनीतला विमान पडण्यापेक्षा त्या पदराची भीती जास्त.

चंपालालशेठ मिनीबस भरून गणगोत घेऊन आले होते. त्यांनी पोराला बाजूला घेतलं. "बेटा, आता काळ चालू शे. चढणं तुझ्या शिकवणाऱ्या मॅडमच्या हातात, पण उतरणं तुझ्या हातात. शुभ चौघडिया लागल्याशिवाय चाक टेकवायचं नाही."

"पप्पा, हवेत थांबता येत नाही."

"मग गोल फिर! पेट्रोलचे पैसे भरेल शेत बठ्ठे, एक रुपया बाकी नाही."

चौघडिया म्हणजे पंचांगातले दिवसाचे आठ तुकडे: शुभ, लाभ, अमृत चांगले; काळ, रोग, उद्वेग वाईट. या माणसाने दुकानाचं शटर, पोरीचं लग्न आणि स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं चौघडिया बघून उरकलं होतं. हर्निया परत झाला, ते सोडा.

पुनीत वर गेला. वारा पडलेला, धावपट्टी समोर सरळ. विमान अगदी मापात खाली आलं. तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं. काळ! त्याने इंजिनाचा जोर वाढवला आणि पुन्हा वर.

"काय झालं?" रेडिओवर प्रशिक्षक संघमित्रा मॅडम. "चांगला येत होतास की!"

"जरा... बरोबर वाटलं नाही, मॅडम."

दुसऱ्यांदाही तेच. तोवर ऊन तापलं, आडवा वारा सुटला आणि विमान हेलकावे खाऊ लागलं. "पुनीत, वारा वाढतोय. आता नाटकं बंद, उतर!"

तिसऱ्या खेपेला शुभ लागला होता. पुनीत नको तितक्या वेगात आला, पुढचं चाक आधी आपटलं, विमान उसळलं, पुन्हा आपटलं, आणि प्रत्येक आपटीला कुंपणापलीकडून टाळ्या. शेवटी चाक मोडलं, नाक मातीत गेलं, शेपूट आभाळाकडे.

पुनीतला खरचटलंसुद्धा नाही. पण त्याची आई प्रेमकुंवर आरतीचं ताट घेऊन गेटवरच्या शिपायाला ढकलत आत धावली. "अहो बघा, विमान पण पाया पडतंय!" सगळ्यांनी मोबाइल काढले. पंख्याचं पातं वाकलेलं, तेल गळतंय, आणि एक मावशी म्हणते, "माझा चष्मा काढू का फोटोला?"

या सगळ्यांना कुंपणाबाहेर काढून विमान ओढून नेईपर्यंत मॅडमचा घसा बसला. मग त्यांनी पुनीतला विचारलं, "पहिल्यांदा का नाही उतरलास?"

त्याने सांगितलं. मॅडमनी त्याची नोंदवही मिटली.

"ते पहिलं लँडिंग झालं असतं, तर मी पोरांना उदाहरण म्हणून दाखवलं असतं. आता चौकशी होईल. तोवर तुझं उडणं बंद. नंतर पुन्हा माझ्या शेजारी बसून, पहिल्यापासून. एकट्याची फेरी मी धरत नाही. आख्खी मिनीबस आत बसली होती तुझ्या."

"मॅडम, मला दुकानात नाही बसायचं."

"मग हे मला काय सांगतोस?"

पुनीत गेटबाहेर आला. मंडळी पत्र्याच्या शेडखाली पेढे खात होती. "पप्पा, माझं उडणं बंद केलंय. तुम्ही सगळे घरी जा. पुढच्या वेळी कोणी यायचं नाही."

चंपालालशेठनी मोबाइलमध्ये पाहिलं. "घरी? आत्ता कसं निघणार? शुभ संपला, रोग लागला."

"रोग सरल्यावर निघा."

"त्यानंतर उद्वेग शे."

पुनीतने हात दाखवून रिक्षा थांबवली. मागून आई ओरडत होती, "अरे थांब, रोगमध्ये कुठे चाललास?" तो बसला आणि म्हणाला, "चला."