गुलाबकाका आणि पेट्रोलचा काटा

आमच्या लकडगंजातले गुलाबकाका सकाळी देवाला हात जोडायच्या आधी गाडीच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवत. बाहेर काढून उजेडात धरत, वास घेत आणि अख्ख्या गल्लीला ऐकवत, "अर्धी टाकी!" गाडीतला काटा तेव्हा टाकी रिकामी दाखवणाऱ्या खुणेवर लोळत असे.

गाडी त्यांच्या लग्नाच्या काळातली. वळणावर काटा उसळी मारी, सरळ रस्त्यावर पुन्हा आडवा. लाकडाच्या धंद्यात काकांनी जन्मभर मापात काटा मारला, असं लोक म्हणतात. पण हा काटा खोटं बोलतो, याचा त्यांना कोण संताप!

"दुरुस्त करून घ्या ना काका," म्हटलं की उखडत. "कोण करते गा? समदे मेकॅनिक गधे आहेत!"

दर रविवारी ते मौद्याला निघत. तिथे त्यांची मुलगी सुषमा राहते. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून काकांनी बोलणं टाकलं होतं. निघत थाटात आणि अर्ध्या रस्त्यातून परत. "काट्याचा भरवसा नाही. अडकलो असतो ना!" पट्टी सोबतच असायची. वाटेत पेट्रोल पंपही आहेत. पण हे त्यांना सांगायची कोणाची छाती?

शेवटी वैतागून मीच मेकॅनिक आणला. टाकीत तरंगणारा फ्लोट चिरला होता. पेट्रोल आत शिरून तो बुडूनच बसला होता. नवा बसवला. काटा पट्टीशी तंतोतंत जुळला. मी पेढे मागितले, तर काकांचा चेहरा सुतकी.

रविवारी दारात येऊन म्हणाले, "चाल गा, संगं."

टाकी भरलेली, काटा वर. गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. नेहमीची परतायची जागा मागे पडली, तशी काकांची बडबड थांबली. सुषमाच्या फाटकासमोर गाडी उभी केली, पण ना इंजिन बंद करत, ना उतरत.

आवाजाने सुषमाच बाहेर आली. हाताला कणीक.

"बाबा? गाडी बंद पडली काय?"

काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"नाही वं. गाडी चांगली आहे." मग उगाच घसा खाकरला. "तुलेच भेटाले आलो."

तिने कोपराने डोळे पुसले आणि फाटक सताड उघडलं.

"मग आत घ्या ना. उन्हात काहून ठेवता?"

चावी जागेवरच होती. तरी काका कितीतरी वेळ ती खिशात शोधत राहिले.