लेडी सेलिनाची टकटक

थॉर्नस्वेल हॉलमध्ये भूतबित काही नाही, हे डल्सी फेदरस्टनबाईंनी सोमवारच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं.

"असतं तर मला नसतं का दिसलं? इतकी वर्षं त्याच खोलीत बसतेय मी!"

हे मात्र खरं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून डल्सीबाई इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यातल्या या जुन्या हवेलीत हौसेनं राखणदारी करत. पहिल्या मजल्यावरची, भिंतींना ओकच्या नक्षीदार फळ्या मारलेली खोली त्यांच्या ताब्यात होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचं आणि येईल त्याला "हात लावू नका हं!" म्हणायचं. बाकीच्या जुन्या खुर्च्यांवर कुणी टेकू नये म्हणून त्या काटेरी बोंडं ठेवत. एकदा एक बिशप त्यावर बसले, तेव्हासुद्धा बाईंनी आधी बोंड तपासलं, मग बिशप!

बैठकीत त्यांचा सगळा रोख होता ऑब्री पिंचबेक यांच्यावर. हा गृहस्थ जन्मभर विमा विकून आता हवेली दाखवायचं काम करायचा. लोकांना घाबरवण्याची सवय तिथलीच! त्याची गोष्ट ठरलेली. इथली लेडी सेलिना कविता करायची, नवऱ्याला ते खपेना, म्हणून त्यानं तिला याच खोलीच्या भिंतीत चिणली. ती अजून आतून टकटक करते! आता, लेडी सेलिना खरी, तिच्या कविताही खऱ्या. तिची दौत खाली काचेच्या कपाटात आहे. पण टकटक?

"ती सर्दीनं गेली, ऑब्री! म्हातारपणी! स्वतःच्या अंथरुणात!"

"अहो बाई, पण सर्दीला गर्दी होत नाही!"

व्यवस्थापक मिसेस क्रॅबट्री यांनी निकाल दिला. भूत बंद! डल्सीबाई युद्ध जिंकलेल्या सेनापतीसारख्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस. पाहुणे सगळे खाली चहाच्या दालनात स्कोन नावाच्या गोड पावांवर जॅम थापत बसलेले. खोलीत बाई एकट्या, हातात मऊ ब्रश, धूळ झटकताहेत. शेकोटीशेजारच्या फळीवर लाकडी गुलाबांची रांग होती. त्यातला एक गुलाब बाकीच्यांपेक्षा जरा जास्त गुळगुळीत होता. हे बाईंच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं होतं. असा का बरं? रोज कुणाचा हात लागत असेल? तेव्हापासून तो गुलाब त्यांच्या डोक्यात दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा बसला होता.

बाईंनी दाराकडे पाहिलं. कुणी नाही. त्यांनी गुलाब दाबला. अगदी हळूच!

खट्ट!

फळी दारासारखी उघडली. आत भिंतीच्या पोटात कपाटाएवढी काळोखी जागा. जुन्या काळी राजाचे शिपाई धाड घालायचे, तेव्हा बंदी असलेल्या कॅथलिक पाद्र्यांना लपवायला अशा जागा करत, हे बाईंना ठाऊक होतं. पण इथं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं! नुसतं डोकं घालून बघावं म्हणून त्यांनी डोकं घातलं. डोक्यामागून खांदे गेले, खांद्यांमागून बाकीच्या बाई गेल्या.

आणि मागे फळी मिटली. खट्ट!

बाईंनी ती ढकलून पाहिली, हलेना. आत दगडी ओटा होता. बाई त्यावर बसल्या. हातानं चाचपताना मुगाएवढं एक छिद्र सापडलं. त्यांनी डोळा लावला, तर समोर त्यांचीच रिकामी खुर्ची! कधीकाळी कुणी बिचारा इथंच बसून, श्वास रोखून, शिपायांचे बूट बघत असेल. बाईंच्या अंगावर काटा आला. किती वर्षं त्या या भिंतीकडे बघत होत्या, आणि भिंतीलाही डोळा होता!

हे कुतूहल फार तर पाच मिनिटं टिकलं. मग सकाळपासूनचे तीन कप चहा आपली आठवण करून द्यायला लागले.

ओरडावं तर अब्रू जाते. काल शेकोटीला टेकला म्हणून ऑब्रीची तक्रार कुणी केली होती? यांनीच! इतक्यात पावलं वाजली. खाली चहा देणारी पोर असेल, तिला गपचूप सांगू, म्हणून बाईंनी टकटक केली.

बाहेर पोर नव्हती. वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेलं महिला मंडळ होतं, आणि त्यांच्यापुढे ऑब्री!

छिद्रातून बाईंना ऑब्रीचं टक्कल दिसत होतं. ते आधी पांढरं झालं, मग हळूहळू चमकायला लागलं.

"भगिनींनो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला याबद्दल बोलायची बंदी आहे. पण ती स्वतःच बोलतेय त्याला मी काय करू?"

बाईंनी चिडून दणादण बुक्के मारले.

"ऐका! वृत्तात ठोठावतेय! नवी कविता दिसतेय!"

"अरे गाढवा, मी आहे!" बाई किंचाळल्या. पण ओकचं जाड लाकूड ते! बाहेर पोचलं फक्त "ऊऽऽऽ".

मंडळातल्या एका ठेंगण्या बाईनं हात जोडले. "लेडी सेलिना, आमच्या मॉइराचं लग्न होईल का हो?"

धाड!

"होईल म्हणतेय! पोरगा बरा आहे?"

धाड धाड!

"दोनदा! म्हणजे दुसरा नवरा बरा निघेल!"

मग काय, रांगच लागली. कुणाच्या नवऱ्याची कंबर, कुणाचं हरवलेलं मांजर, कुणाची सासू अजून किती. बाई दार उघडा म्हणून बुक्के मारत होत्या आणि बाहेर सगळ्यांना होकार मिळत होता. खालचे लोक अर्धे स्कोन टाकून वर धावले. शेवटी मिसेस क्रॅबट्री आल्या, एक टकटक ऐकली आणि दाराकडे सरकत म्हणाल्या, "सगळे बाहेर! तिला विश्रांती हवी असेल!"

खोली रिकामी झाली. डल्सीबाईंना रडू यायचं बाकी राहिलं.

थोड्या वेळानं दार करकरलं. ऑब्री एकटाच आत आला. टोपी छातीशी धरून तो भिंतीजवळ वाकला. त्याचा कान बरोबर छिद्रापाशी.

"बाईसाहेब," तो कुजबुजला, "भिंतीची गोष्ट मीच रचली होती हो. अगदी पहिल्यापासून. मग तुम्ही आहात तरी कोण?"

"डल्सी फेदरस्टन!" बाई छिद्रातून म्हणाल्या.

ऑब्रीचे डोळे भरून आले.

"डल्सी! अहो, कधी वारलात? सकाळी तर चांगल्या माझ्यावर खेकसत होतात! मला कुणी कळवलंसुद्धा नाही!"

"गुळगुळीत गुलाब दाब, मूर्खा!"

फळी उघडली. कोळिष्टकांनी माखलेल्या बाई बाहेर पडल्या आणि थेट जिन्याकडे धावत सुटल्या. त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं!

परत आल्या तेव्हा ऑब्री अर्धा आत वाकून टॉर्च मारत होता. "काय जागा आहे हो!" तो लहान पोरासारखा म्हणाला. दोघं बराच वेळ तो दगडी ओटा आणि ते छिद्र आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी फळी लावली आणि ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर बाईंनी हात लावला हे निघणार, आणि ऑब्रीनं थापा मारल्या हेही.

पण पुढच्या आठवड्यात हवेलीच्या फाटकाबाहेर मोटारींची रांग! दुसऱ्या कुणी त्या खोलीत बसायला तयार होईना. मिसेस क्रॅबट्रींनी बाईंचे हात धरले. "डल्सी, तुमचा भुतांवर विश्वास नाही. तुम्हीच बसा ना!"

बाई बसल्या. त्या दिवशी लीड्सहून आलेले एक आजोबा त्यांच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही स्वतः ऐकलीत का हो ती टकटक?"

"ऐकली."

"जवळून?"

"फारच जवळून."

आजोबा हळहळले. "काय हवं असेल हो बिचारीला?"

बाईंनी जन्मात कुणा पाहुण्याला खोटी माहिती दिली नव्हती.

"बाथरूम," त्या म्हणाल्या.