रांगणारे सुभेदार

आमच्या शेजारचे तात्या लोकांच्या घरात चालत शिरत नाहीत, रांगत शिरतात. चांगला सहा फुटी गडी, पलटणीतून सुभेदार होऊन आलेला, उंबऱ्याशी टोपी काढतो आणि गुडघ्यांवर येतो. "पोराच्या नजरंनं बघाय पायजे," म्हणतात.

हे सगळं माझ्या चिऊपायी. चिऊ आठ महिन्यांची. नवरा सीमेवर, सासू नाही, आणि सोमवारी वडूजच्या पतसंस्थेत हजर झाले नाही तर नोकरी गेली. गावात पाळणाघर कुठलं असायला! पोर सांभाळणारं घर शोधायला तात्या बरोबर आले आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

पहिल्या घरी कॉटखालून त्यांनी सुपारीचं खांड काढलं. "नापास!" दुसरीकडं सरबताच्या बाटलीत तणनाशक. "नापास!" तिसरी बाई कौतुकानं म्हणाली, "आमच्यात पोरं रडतच न्हाईत. खोकल्याचं औषध पाजलं की गपगार." तात्या जे उठले ते चपला न घालताच बाहेर पडले.

तशी गावाला त्यांची चेष्टा जुनीच. आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी येतं, म्हणून जो तो बादल्या, घमेली, दिसेल ते भरून ठेवतो. तात्यांकडं एकच पिंप, त्याला कुलूप, आणि किल्ली त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या गळ्यात. सगळे त्यांना चिक्कू म्हणतात.

रविवारी माझं डोकं फिरलं. तात्यांच्याच घरात उभी राहून म्हणाले, "सगळीच नापास, तर तुमच्याकडंच ठेवते की! तुमचं तरी घर पास हाय का?"

 बोलल्या त्या काकू, कधी नव्हे ते.

"आमची शालू एवढीच व्हती. हे तिकडं काश्मिरात. पानी आलं म्हून मी घागर घिऊन नळावर पळाले. मागं मोरीत भरल्याली बादली... पोरगी रांगत गेली..."

काकूंचा हात गळ्यातल्या किल्लीकडं गेला.

"बादली मीच आनल्याली," तात्या खाली बघत म्हणाले. "पलटणीच्या कॅन्टीनातनं. मोठी बघून."

कडेवरची चिऊ वळवळायला लागली म्हणून खाली सोडली, तर ती रांगत थेट मोरीकडं निघाली. तात्या झटकन गुडघ्यांवर येऊन तिला आडवे गेले. तिनं खुशाल त्यांचं नाक धरलं.

काकूंनी गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली होती. हळूच म्हणाल्या, "आवं... मी पास का नापास?"

"तू कवाच नापास न्हवतीस गं," तात्या म्हणाले आणि तसेच ओणवे हुंदके देत राहिले.

सोमवारी चिऊला काकूंच्या मांडीवर देऊन मी कामाला गेले. खोटं कशाला बोलू, दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी आले तर काकू पोरीला कवटाळून सकाळच्याच जागी बसलेल्या. पाणी प्यायलासुद्धा उठल्या नव्हत्या.