तक्त्यात नसलेली कंपनी

“अहो, नाव नोंदवायचंय की त्या कंपनीत मुलगी द्यायचीय?”

मशीनबाईंनी वाढायचा डाव भांड्यावर आपटला. समोर नवरा, नवऱ्यासमोर ताट आणि ताटाच्या तिन्ही बाजूंना कागदाला कागद चिकटवून वाढवलेला एक तक्ता. त्यात उभ्या चौदा कंपन्या आणि आडवे बावीस मुद्दे. दुकानाच्या वेबसाइटचं नाव कुठल्या कंपनीकडे नोंदवायचं, हा प्रश्न सहा आठवड्यांपूर्वी त्या घरात पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला.

“पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी मान कापतात,” नवरा पेन्सिलीला टोक करत म्हणाला. “शिवाय उद्या त्या कंपनीशी पटलं नाही, तर नाव घेऊन दुसरीकडे जाता येतं का, हेही बघायला हवं.”

“माझं तुमच्याशी सव्वीस वर्षं पटत नाहीये. मी गेले कुठे?”

गल्लीत त्याला तक्तेमास्तर म्हणत. वजनमापं तपासायच्या प्रयोगशाळेत त्याचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर तपासायला फक्त घर उरलं होतं. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा त्याने इतकी तुलना केली, की पसंत पडलेला फ्रिज कंपनीने बनवायचाच बंद केला. त्या उन्हाळ्यात मशीनबाईंनी दिवसातून तीन वेळा दूध तापवलं आणि तेवढ्याच वेळा स्वतः तापल्या.

पण हे फ्रिजचं नव्हतं, दुकानाचं होतं. ‘सरळ टाका’ हे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान सासऱ्यांनी काढलं आणि नावही त्यांनीच ठेवलं. मुलाने कधी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही. शिकली ती सून, सासऱ्यांच्या शेजारी उभी राहून. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायची, म्हणून लोक तिला मशीनबाई म्हणू लागले. पण दोन वर्षांपूर्वी समोर नव्या मशीनचं चकचकीत दुकान आलं. “जुनं भंगारात घाला हो,” असं तो समोरचा हसत सांगायचा आणि लोक खरंच घालायचे. आता लांबलांबच्या शिंप्यांनी मशीन पार्सलने धाडली तरच दुकान तगणार होतं, नाहीतर वर्षअखेर शटर खाली. शिवणकाम करणाऱ्यांच्या संघटनेची पुस्तिका रविवारी बाराशे घरांत जाणार होती. तिच्यात मशीनबाईंनी अर्धं पान घेतलं होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात छापायला दिलं होतं: सरळटाका डॉट कॉम.

जे अजून घेतलंच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाई एकदा मध्ये पडल्या होत्या. “मी फोन करून विचारू का त्या कंपन्यांना?” एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला जगातल्या सगळ्या अडचणी एका फोनच्या अंतरावर वाटत.

“आई, तुम्ही यात पडू नका,” मशीनबाई फटकन बोलल्या. “तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

राग नवऱ्याचा होता, पण वाटेत सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी आपलं ताट उचललं, घासून ठेवलं आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. सासूबाई विषय काढत नाहीत म्हणजे विषय संपला नाही, एवढं खरं तर मशीनबाईंना कळायला हवं होतं.

सोमवारी सकाळी तक्तेमास्तर म्हणाला, “झालं. सहाव्या क्रमांकाची कंपनी. आजच घेतो.”

मशीनबाई विश्वास ठेवायला इतक्या आतुर होत्या, की त्यांनी ठेवला. दुपारी पेंटर बोलावला आणि संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पाटीवर लाल अक्षरात पत्ता झळकला.

गुरुवारी त्यांनी सहज विचारलं, “ती पावती कुठे ठेवलीत?”

“कसली?”

“नावाची.”

“ते आज घेतोय. सोमवारी नवव्या कंपनीने नवीन सवलत काढली ना, मग सगळी बेरीज पुन्हा...”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मशीनबाईंची वाटेत कुठेही थांबली नाही. त्यांनी हाताला धरून नवऱ्याला लॅपटॉपसमोर बसवलं. त्याने एका बोटाने नाव टाइप केलं. पडद्यावर एक ओळ उमटली. हे नाव उपलब्ध नाही. तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलं गेलं आहे.

“कुणी?” मशीनबाईंचा आवाज फार हळू निघाला. घरात त्या हळू आवाजाची भीती जास्त होती.

“ते दिसत नाही. मालकाचं नाव झाकायची सोय असते. मुद्दा क्रमांक अकरा.” त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. “फार उपयोगी सोय आहे ती.”

“तो तक्ता माझ्यासमोरून उचला, नाहीतर मी त्याच्या पट्ट्या कापून मशीनखाली घालीन.”

तक्तेमास्तरने तक्ता उचलला आणि छातीशी धरला. “एक कर. आईला नको सांगूस. बाबांनी ठेवलेलं नाव आहे. तिला लागेल.”

एवढं एक त्याचं मशीनबाईंना पटलं.

झाकलेल्या मालकाला निरोप धाडायला तिथे एक चौकट होती. लिहिलेलं कंपनीमार्फत त्याच्याकडे जायचं. “आपण दुकानवाले आहोत असं दाखवायचं नाही,” तक्तेमास्तर म्हणाला. “गरज दिसली की समोरचा ताणून धरतो.” मशीनबाईंना ताकाला जाऊन भांडं लपवणं कधी जमलं नव्हतं, पण त्यांनी तो सांगेल तसं लिहिलं.

‘नमस्कार. आपण घेतलेलं नाव फारसं कामाचं नाही. तरी मी ते आपल्याकडून घ्यायला तयार आहे. एक हितचिंतक.’

वीस मिनिटांत उत्तर आलं.

‘कामाचं नाही तर कशाला हवंय? मालक.’

“मालक म्हणे,” मशीनबाई फुत्कारल्या. “बघितलंत? चोर तो चोर...”

“चिडू नकोस. मोठेपणाचं आवाहन कर.”

त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवा असं लिहिलं. उत्तर आलं, ‘मोठेपणा घरच्यांसाठी राखून ठेवला आहे.’

शुक्रवारी सकाळी दुकानात मशीनबाईंनी नवऱ्याला न विचारता तिसरं पत्र लिहिलं. ‘दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणाऱ्याला तो पचत नाही.’

‘माझं पचन उत्तम आहे. आपलं बघा.’

मशीनबाईंनी मान वर केली. समोरचा दुकानदार काचेआड उभा राहून फोनवर काहीतरी टाइप करत होता आणि गालातल्या गालात हसत होता. मशीनबाईंना आणखी पुरावा लागला नाही. त्या तेलकट हातांनीच रस्ता ओलांडून गेल्या. त्याच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

“भाऊ, धंदा करा, पण चोरी करू नका.”

“काय चोरलं, वहिनी?”

“नाव.”

“कुणाचं?”

“आमचं. सरळ टाका. सासऱ्यांनी ठेवलेलं. तुमच्या घरात नाव ठेवायला कुणी नव्हतं का?”

त्याने फोन पुढे केला. त्याची बायको संध्याकाळी येताना काय काय आणायचं ते लिहीत होती आणि शेवटी, विसरलात तर घरी येऊ नका, असं होतं. “हे वाचून हसत होतो,” तो म्हणाला. “आणि वहिनी, सरळ टाका नाव चोरून मी काय करू? माझी मशीनं अठरा प्रकारचे टाके घालतात.”

गिऱ्हाइकं हसली. त्यातली एक बाई मशीनबाईंकडे सात वर्षं यायची. तीही हसली. मशीनबाई परत आल्या तेव्हा त्यांचे कान लाल होते आणि त्याच्या दारातल्या नव्याकोऱ्या रेशमी पडद्याला त्यांच्या पाच बोटांचे तेलाचे ठसे लागलेले होते, हे त्यांना मागाहून समजलं.

दुपारच्या जेवणाला सासूबाईंचंही काही ठीक नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला ठेवला तो आपटूनच.

“काही माणसांना लाज म्हणून नसते,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

“अगदी बरोबर बोललात,” मशीनबाई म्हणाल्या.

“गोड बोलून लुबाडायला बघतात.”

“आणि वर तोंड करून उत्तरं देतात.”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कित्येक वर्षांत त्यांचं इतकं एकमत झालं नव्हतं. तक्तेमास्तर घाबरून लवकर उठला.

शनिवारी मशीनबाईंनी दुकान उघडलं नाही. समोरच्याच्या काचेकडे तोंड करून बसायचं धाडस नव्हतं. लॅपटॉप घेऊन त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. उद्या पुस्तिका वाटली जाणार होती. बाराशे शिंपी त्या चोराच्या दाराशी जाऊन उभे राहणार होते. त्यांनी चौकट उघडली आणि दोन दिवसांचा राग, पडद्यावरच्या ठशांसकट, एका वाक्यात घातला.

‘तुमच्यावर घरच्यांनी काही संस्कार केलेले दिसत नाहीत.’

‘पाठवा’ दाबलं. आतल्या खोलीतून आवाज आला. टिंग.

मशीनबाईंनी दुर्लक्ष केलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं. ‘माझ्यावर झाले होते. मी पुढे दुसऱ्यांवर करून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही.’

मशीनबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यभर मशीनचे आवाज ऐकले होते. एक आवाज दुसऱ्याला धरून आला, की कुठला दात कुठल्या चाकात अडकतोय हे त्यांना बघावं लागत नसे. त्यांनी चौकटीत फक्त एक टिंब टाइप केलं आणि पाठवलं.

टिंग.

दुसरं टिंब.

टिंग. आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, “मेल्याला आता लिहायलाही सुचेना.”

मशीनबाई उठल्या आणि लॅपटॉप तसाच उघडा घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि टॅबलेट मांडीवर. चेहरा लढाईला निघाल्यासारखा.

“आई, तुम्ही?”

सासूबाईंनी लॅपटॉपचा पडदा पाहिला. दोन टिंबं पाहिली. “तू हितचिंतक?”

“तुम्ही मालक?”

“माझ्या पचनावर घसरलीस ती तू?”

“माझ्या लाजेवर कोण घसरलं?”

दाराच्या फटीतून तक्तेमास्तर डोकावला, प्रसंगाचं वजन केलं आणि फट होती तेवढीच ठेवली.

“अहो पण सांगायचं नाही का?” मशीनबाईंचा आवाज चढला. “दोन दिवस झोप नाही मला. समोरच्याला जाऊन चोर म्हणाले मी. चार गिऱ्हाइकांदेखत.”

“मला यातलं काही कळत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “म्हटलं, कळणारे काय करतात ते बघू.” चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. “तो तक्ता संपला की सांगणार होते. संपेचना. पाटीवर रंग लागला, मी म्हटलं बरं झालं, पत्ता घरातच आहे. मग हा हितचिंतक उपटला. मला वाटलं, कुणीतरी लुच्चा पाटी वाचून गेला. यांनी ठेवलेलं नाव, असं कसं देईन?”

“पण घेतलंत कसं? कुठल्या कंपनीकडे?”

“फोन केले. पंधरा.” इथे सासूबाईंची पाठ एक्स्चेंजमधल्यासारखी ताठ झाली. “नऊ जणांनी गाणी ऐकवली. तिघांनी बटणं दाबायला लावून जिथून निघाले तिथेच आणून सोडलं. दोघांकडे घंटा नुसतीच वाजत राहिली. एकीने दुसऱ्या रिंगला उचलला. म्हणाली, एक मिनिट थांबा, आणि एका मिनिटात परत आली. मी घड्याळ लावलं होतं. जिला एका मिनिटाचा अर्थ कळतो तिच्याकडे नाव ठेवायला हरकत नाही.”

“कुठली ती?” फटीतून प्रश्न आला. सासूबाईंनी नाव सांगितलं. “ती?” तक्तेमास्तर पूर्ण आत आला. “ती मी पहिल्याच फेरीत काढली होती. तिची वेबसाइट जुनाट दिसते.”

“मीही जुनाट दिसते,” सासूबाई म्हणाल्या. “पावती वाच.”

टॅबलेटवर पावती होती. निरोपांचा पत्ता सासूबाईंचा होता. मालकाच्या रकान्यात मात्र सासूबाईंचं नाव नव्हतं आणि मुलाचंही नव्हतं. तिथे मशीनबाईंचं नाव होतं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. दुकानाच्या कुठल्याही कागदावर ते आजवर लागलं नव्हतं. आधी सासऱ्यांचं होतं, मग आपोआप नवऱ्याचं.

“हात तुझे काळे होतात,” सासूबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. “मग नाव कुणाचं लावायचं?”

म्हणजे दोन दिवस ज्या चोराला शिव्या घातल्या, संस्कार काढले, तो चोर कागदोपत्री त्या स्वतःच होत्या. मशीनबाई खाटेच्या कडेवर बसल्या. पावतीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं आणि डोळे पुसले.

“आता रडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “आधी समोर जाऊन त्याची माफी मागून ये. मग माझी माग. माझी लेखी हवी, त्याच चौकटीतून.”

मशीनबाई समोर जाऊन आल्या. पडदा धुवायला घेऊन आल्या, सोबत सात वर्षं येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाचं अडकलेलं मशीनही आलं. माफी टाइप केली. टिंग झालं. उत्तर आलं, ‘माफ केलं. चहा टाक. मालकीणबाईंची सासू.’

अवघड गोष्ट पुढेच होती. दोन दिवसांचा राग तसाच शिल्लक होता. सासूबाईंवर काढता येत नव्हता, समोरच्यावर तर मुळीच नाही, आणि मालकावर काढावा तर मालक आपणच. इतका मोठा ऐवज ठेवायला घरात जागा उरली नव्हती. चहाचे कप घेऊन मशीनबाई बाहेर आल्या, तर टेबलावर तक्ता पुन्हा पसरलेला आणि त्याच्या खालच्या टोकाला एक नवी पट्टी चिकटवलेली.

“पंधरावी ओळ घातली,” तक्तेमास्तर उत्साहाने म्हणाला. “काय आहे, आईने घाईघाईत एकाच वर्षासाठी घेतलंय. मुदत संपायला अजून अकरा महिने आहेत. तोवर नीट तुलना करून घेऊ.”

मशीनबाईंनी कप खाली ठेवले, शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री काढली, आणि तिची पाती एकदा उघडून मिटून पाहिली.