शोकसभेत पोट बोललं

भूक ही निव्वळ सवय असते, तिला दाद दिली नाही की ती मुकाट्यानं निघून जाते, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं आणि नाश्त्याची बशी परत सरकवली. पोट कुरकुरलं की गटागट पाणी प्यायचं, बस्स! कंबर अशी उतरवीन की पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागतील!

"पाडा भोकं. पण आज हेडक्लार्कांची शोकसभा आहे ना? तिथं स्वतः पडू नका म्हणजे झालं!" बायको म्हणाली.

आमचे हेडक्लार्क नुकतेच वारले होते. ऑफिसातल्या मोठ्या खोलीत सगळे जमले. टेबलावर त्यांचा फोटो, समोर खुर्चीत त्यांची बायको, आणि मागं पाण्यानं टम्म फुगलेला मी. साहेब म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभे राहू या."

खोली चिडीचूप झाली आणि माझं पोट बोललं! साधंसुधं नाही, रिकाम्या गोदामात कुणी लोखंडी पिंप गडगडत सोडावं तसं! माना वळल्या. मी घाबरून खोकलो, त्याचा नेमका हुंदका झाला. शेजारच्या टायपिस्टबाईंनी माझ्या हातात रुमाल कोंबला. "आवरा हो स्वतःला," म्हणता म्हणता त्यांचेही डोळे भरले.

पोट पुन्हा गडगडलं. मी पुन्हा हुंदका दिला. दुसरं करणार काय!

साहेब गहिवरले. "यांचा फार जीव होता त्यांच्यावर. या, दोन शब्द बोला."

बोलू काय, कपाळ? रजेच्या अर्जापलीकडे आमचं कधी बोलणंच झालं नव्हतं! "ते... ते गेले," एवढं म्हटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी फोटोसमोरच आडवा!

शुद्धीवर आलो तो बाजूच्या खोलीत. उशाशी हेडक्लार्कांची बायको. "भावजी, इतकं मनाला लावून घेऊ नका," म्हणत त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून पुढं केला. मी अधाशासारखा तुटून पडलो.

त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यांचीही ही बिस्किटं फार आवडती. पण शेवटी शेवटी नुसतं पथ्य. रोज म्हणायचे, एक तरी दे गं. मी दिलं नाही. वाटलं, वजन उतरलं की बरे होतील."

मी हातातलं बिस्कीट पुड्यावर ठेवलं. "वहिनी, तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच..." या वेळचा हुंदका मात्र खरा होता.

त्यांनी डोळे पुसले आणि पुडा आणखी जवळ सरकवला. "खा तुम्ही. कुणी पोटभर खाताना बघितलं की बरं वाटतं."

आता तरी नको म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं. काय सांगू तुम्हाला, हातानं त्यात बिस्कीट घातलंसुद्धा!