पायाखालचा डबा

सोमवारी छापखान्याच्या केबिनची किल्ली दोघांपैकी एका जावयाला द्यायची, असं सासऱ्यांनी जाहीर केलं, तेव्हा थोरल्या जावयाने आपल्या वाट्याला काय येणार ते बोटांवर मोजून पाहिलं. फिरती खुर्ची एक. वाजवली की कुणीतरी धावत येईल अशी घंटा एक. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, धाकट्या जावयाने रोज दारावर टकटक करून "दादा, आत येऊ का?" असं विचारणं! यासाठी थोरले खुर्चीशिवायही केबिनमध्ये उभे राहायला तयार होते.

अट एकच. ज्याचं कॉम्प्युटरवर केलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर सरस ठरेल, त्याची किल्ली.

आणि इथेच घात होता. धाकट्याकडे नवा, खिडकीएवढा कॉम्प्युटर. थोरल्यांकडे जुना, शाळेच्या पाटीएवढा. धाकट्याच्या स्क्रीनवर झाडं हिरवीगार दिसत, थोरल्यांच्या स्क्रीनवर तीच झाडं आजारी दिसत.

"तो काही हुशार नाही," थोरले बायकोला सांगत. ती याच छापखान्यात प्रूफं तपासायची. "हुशार आहे तो त्याचा स्क्रीन! सगळं त्याच्यात भरलेलं आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको प्रुफातून मान वर न काढता म्हणे. "आणि आधी चष्मा घ्या. किती मोठी अक्षरं करून बसता!"

चष्मा? म्हणजे धाकट्याने "दादा, आता वय झालं" म्हणायचं? त्यापेक्षा अक्षरं दुप्पट केलेली बरी!

शनिवारी दुपारी धाकटा गिऱ्हाइकाकडे गेला, बाकीचे जेवायला बसले आणि त्याचं कॅलेंडर आयतं हाती यावं म्हणून थोरल्यांनी दोन्ही स्क्रीनच्या मागच्या वायरी काढल्या. नवा स्क्रीन स्वतःच्या टेबलावर, जुना धाकट्याच्या; वायरी होत्या तशा पुन्हा खोचल्या. सुनेने सासूचे दागिने घालून आरशापुढे उभं राहावं तसे ते समोर बसले. पाय नेहमीप्रमाणे टेबलाखालच्या लोखंडी डब्यावर टेकवले. डबा छान कोमट असायचा. थंडीच्या दिवसांत तर त्याच्यासारखं सुख नाही.

स्क्रीन उजळला. आणि थोरले खुर्चीतून उडालेच!

समोर पत्त्यांचा डाव! अर्धा खेळलेला!

"अस्सं! कामाच्या वेळी पत्ते कुटतो काय!" आता कॅलेंडर चोरायचीही गरज नव्हती. पत्ते आपणही खेळतो हे थोरल्यांना आठवलं, नाही असं नाही. पण आपला डाव आपल्या जुन्या स्क्रीनमध्ये राहिला, तेव्हा हा त्याचाच! शेजारी एक फाइलही होती. नाव 'खासगी'. आपलीही एक 'खासगी' आहेच; पण याचीसुद्धा? चोर कुठला!

"मामा! अहो मामा! लवकर या! धाकट्याचे उद्योग बघा!"

सासरे हात पुसत आले. मागोमाग बायको, मशीनवाला आणि बाइंडर.

"हे पत्ते बघा! आणि आता ही त्याची खासगी फाइल!" म्हणत थोरल्यांनी ती सगळ्यांदेखत उघडली.

त्या खिडकीएवढ्या स्क्रीनवर, रस्त्यावरच्या जाहिरातीएवढ्या अक्षरांत मजकूर उमटला. सासऱ्यांनी दारातूनच, चष्मा न लावता, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली:

"'पूज्य मामा, आपला धाकटा जावई आळशी आहे!!! केबिन त्याला दिलीत तर छापखाना बुडेल!!! आपला एक हितचिंतक.'"

थोरल्यांनी अक्षरं ओळखली. महिनाभर घोळवलेलं, अजून न पाठवलेलं आपलं पत्र या स्क्रीनमध्ये शिरलं कसं? आणि 'माझं आहे' म्हणायचं तरी कसं?

"धाकटे जावई स्वतःविरुद्धच तक्रार लिहितात?" सासरे चक्रावले.

"ब-बघा ना मामा! किती आतल्या गाठीचा!"

बायको मात्र एक पाऊल पुढे आली. उभा जन्म प्रूफं तपासण्यात गेलेला. "बाबा, तीन-तीन उद्गारचिन्हं! आमच्या घरी वाण्याच्या यादीत 'साखर!!!' कोण लिहितं, ठाऊक आहे?"

तेवढ्यात धाकटा परत आला. आपल्या टेबलावरचा पाटीएवढा स्क्रीन त्याने पाहिला, मग थोरल्यांसमोरचा. सगळं त्याच्या ध्यानात आलं.

"दादा, स्क्रीन नुसता दाखवतो हो. आरशासारखा. आरसा बदलला म्हणून तोंड बदलत नाही! पत्ते, पत्रं, सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं."

"मग हा कॉम्प्युटर नाही तर कॉम्प्युटर कुठाय?" थोरले ओरडले.

धाकट्याने वाकून टेबलाखाली बोट दाखवलं. "चार वर्षं तुम्ही पाय ठेवलेत ना, तो!"

थोरल्यांनी चटका बसल्यासारखे पाय उचलले. बाइंडर हसू दाबायला कागदाच्या गठ्ठ्यामागे गेला, पण गठ्ठाच हलायला लागला.

सोमवारपर्यंत थांबायची गरज उरली नाही. किल्ली तिथेच धाकट्याच्या हातात पडली. थोरल्यांनी नव्या स्क्रीनची वायर काढायला घेतली.

"राहू द्या, जावईबापू," सासरे म्हणाले. "स्क्रीन तुमच्याकडेच ठेवा. केबिनच्या काचेतून आम्हा दोघांना सगळं स्पष्ट दिसतं. आत्ता तुमची चौकटची राणी चुकलीय, तेसुद्धा!"

तेव्हा शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं म्हणाल, तर धाकट्याला खुर्ची, मामांना दिवसभराची करमणूक, बायकोला माहेरी सांगायला जन्माचा किस्सा. थोरल्यांना त्यांना हवा होता तोच स्क्रीन. किंमत मोजली ती बिचाऱ्या पायांनी. ते आता गार जमिनीवर असतात.