तोंडावरचा पुरावा

पाठ दुखतीय म्हणून रजा टाकणाऱ्यातला मी न्हाई. लातूर जिल्हा नवा नवा झालेला, त्यात दुष्काळ, अन् आमच्या तहसिलीत टँकरचं टेबल माझ्याकडं. मी आडवा झालो तर गाव तहानंनं मरंल, असा माझा आपला समज. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून आठवड्याला एक सुई अन् रोजच्या गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्याच दिवशी पाठ मोकळी. ऑफिसात सगळ्यांना वाकून दाखवलं.

महिन्याभरात मात्र काय व्हायलंय तेच कळंना. भूक अशी, की बायको शिवकांता भाकरी टाकायची अन् मी तव्यावरूनच उचलायचो. तोंड पुरीसारखं फुगलं. अख्ख्या गावाचे गाल आत गेलेले, माझेच तेवढे बाहेर.

शेजारचा रेवणप्पा म्हणला, "मन्मथराव, दुष्काळ लई मानवला की तुम्हाला."

नुसतं म्हणून थांबला न्हाई, अर्जच दिला. टँकरचा क्लार्क खायलाय, पुरावा तोंडावर हाय.

तहसीलदार साहेबांनी बोलावलं. "कुठं खाता?"

"घरीच, साहेब. भाकरी."

"किती?"

"नऊ."

साहेबांनी लिहून घेतलं. नोकरी चालली, ह्या भ्यानं मी म्हणलो, "मी आजारी हाय, साहेब. तपासून घ्या."

सरकारी दवाखान्यात निळ्या औषधात लघवी घालून उकळली. रंग आला विटकरी. म्हणजे साखर. आजार निघाला म्हणून मी खूश, तर साहेब उलट भडकले.

"हा शेठलोकांचा रोग. क्लार्कला कसा झाला?"

मी पार चक्रावलो. धडधाकट असलो तरी चोर, आजारी असलो तरी चोर.

शेवटी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गोळ्या बघितल्या. "हे स्टिरॉइड आहे. भूक, सूज, साखर, सगळं ह्यानंच वाढलंय. एकदम बंद करू नका, मी हळूहळू कमी करते." तसं त्यांनी लिहूनही दिलं.

साहेबांनी कागद वाचला अन् उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाहक संशय घेतला तुमच्यावर. पण पाठ एवढी गेली कशानं?"

जीव भांड्यात पडलेला, त्या खुशीत मी बोलून बसलो. "घागरी उचलून, साहेब."

"घरटी दोनच घागरी देतो आपण. दोन घागरींनी?"

"टँकर पहिला आमच्याच दारात थांबतो ना, साहेब. चौदा."

टेबल गेलं. आता दोनच घागरी उचलतो. पाठ अजिबात दुखत न्हाई.